मिरजेतली बाळंतिणीची खोली

मिरजेला बाहेरगावची माणसे मुख्यतः दोन कारणांनी येतात. एक तर दुखणे दाखवायला, नाही तर तंबोरा घ्यायला. स्टेशनाबाहेरच्या रिक्षावाल्यांना हे पक्के ठाऊक आहे. उतारूच्या तोंडाकडे पाहून ते एक तर दवाखान्याचे नाव घेतात, नाही तर सतारमेकर गल्लीचे. गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता मी मिरजेला उतरलो तेव्हा माझ्यापाशी दोन्ही कारणे होती. पण तोंडावरून कुठलेच दिसत नसावे. रिक्षावाल्याने नुसतेच "कुठं जायचं, काका?" म्हणून विचारले. मी म्हणालो, "ब्राह्मणपुरी. बहिणीकडे." हे तिसरे कारण त्याला पसंत पडलेले दिसले. त्याने माझी पिशवी स्वतः उचलून आत ठेवली.

आठ दिवसांपूर्वी भाचेबुवांचा फोन आला होता. "मामा, आईच्या गळ्याशी गाठ आहे. थायरॉईडची. साधीच आहे म्हणतात, पण वाढतेय, काढायला हवी. येत्या सोमवारनंतरच्या सोमवारी ऑपरेशन ठरलंय. त्याआधी मला तिचं गाणं रेकॉर्ड करून ठेवायचंय. पण ती ऐकत नाही. म्हणते, तुझा मामा येऊ दे, मग बघू."

गाठ साधी असली तरी जागा साधी नव्हती. त्या ग्रंथीच्या मागच्या अंगाने स्वरतंतूंकडे जाणाऱ्या नसा असतात. उंच स्वर ताणून धरणारी एक बारीक नस तर ग्रंथीच्या वरच्या टोकाला अगदी लगटून जाते. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर त्या नसा जपतातच, आणि बहुतेकांचा आवाज पहिल्यासारखा होतो. पण म्हातारी गाते हे कळल्यावर डॉक्टरांनी आक्काला सरळ सांगितले, "आजी, बोलण्याची फारशी काळजी नाही. वरच्या पट्टीची हमी मात्र मी देणार नाही." आक्का अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिने उभ्या आयुष्यात कधी सभेत गाणे म्हटलेले नाही, आणि देवघरात एक दिवस चुकवलेले नाही.

पुण्याहून दुपारी कोयना एक्स्प्रेस धरली. कऱ्हाड सोडले की दोन्ही अंगांना ऊस लागतो आणि माणसाला वाटते, आता काही पाहायचे उरले नाही, आता विचार करावा. मला तेच नको होते. किर्लोस्करवाडी गेली, भिलवडी गेली, आणि जी गोष्ट आठवू नये म्हणून मी वर्तमानपत्र तिसऱ्यांदा उघडले होते, ती आठवलीच.

आमचे घर तासगावचे. आक्का अठराची आणि मी तेरा वर्षांचा असताना एके दिवशी तिच्या नावाने रेडिओ केंद्राचे पत्र आले. तिला स्वरपरीक्षेला बोलावले होते. सकाळच्या एस.टी.ने निघून संध्याकाळी घरी परत येता येईल, एवढेच अंतर. वडील गाण्याच्या विरुद्ध नव्हते. मुलीने एकटीने जाण्याच्या विरुद्ध होते. त्यांना स्वतःला कचेरी सुटत नव्हती. त्यांनी मला विचारले, "तू जाशील का रे तिच्या सोबतीला?" तेरा वर्षांचा का होईना, मी घरातला पुरुष होतो. पण त्या दिवशी आमच्या आळीचा खालच्या आळीशी क्रिकेटचा सामना होता. मी म्हणालो, "माझा पेपर आहे." पेपर नव्हता. वडिलांना ते माहीत नव्हते, आक्काला होते. ती काही बोलली नाही. पुढल्या मार्गशीर्षात तिचे लग्न झाले आणि ती मिरजेला आली. सामना आम्ही हरलो.

त्या गोष्टीचा उल्लेख साठ वर्षांत तिने कधी केला नाही, आणि मीही केला नाही.

आक्काच्या सासरचा वाडा आता निम्माच उरला आहे. उरलेल्या निम्म्यात आक्का, दाजी, भाचेबुवा आणि त्यांचे कुटुंब राहते. भाचेबुवांनी घरातच स्टुडिओ थाटला आहे. स्टुडिओ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काचेच्या भिंती, लाल दिवा, गुबगुबीत दारे असे काही तरी उभे राहते. इथे माजघर ओलांडून मागे गेलो, तर भाचेबुवांनी जुन्या वाड्यातली बाळंतिणीची खोली उघडून दाखवली. खिडकी नाही, भिंती दोन हात जाड, दार इतके बुटके की आत जाताना प्रत्येकाला नमस्कार घडतो. पूर्वी बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून जी तजवीज केली होती, ती आता आवाज लागू नये म्हणून कामी आली. याच खोलीत भाचेबुवांचा जन्म झाला. म्हणजे या स्टुडिओत पहिला सूर लावला तो त्यांनीच. आणि तो, आक्का सांगते, पुष्कळच चढा होता.

"टाळी वाजवून बघा, मामा," भाचेबुवा म्हणाले. मी वाजवली. माजघरात वाजवलेली टाळी कौलांपर्यंत जाऊन परत येते. इथली जागच्या जागी विरली. भिंतींवर गोधड्या टांगल्या होत्या. आक्काच्या जुन्या लुगड्यांच्या, तिनेच शिवलेल्या. चारी कोपऱ्यांत कापसाच्या गाद्या गुंडाळून उभ्या केल्या होत्या. बारीक, तीव्र प्रतिध्वनी गोधडी गिळते. घुमणारा जाड आवाज मात्र कोपऱ्यात साचतो आणि त्याला गादीच लागते. अंड्यांचे पुठ्ठे भिंतीला लावून काही साधत नाही, हे ज्ञान भाचेबुवांनी स्वतः दीडशे पुठ्ठे लावून आणि काढून मिळवले होते.

मधोमध एका दांड्यावर मायक्रोफोन होता. त्याच्यापुढे एका रिंगणात ताणून बसवलेले पातळ कापड. ती आक्काची भरतकामाची रिंग. 'प' आणि 'ब' उच्चारताना तोंडातून वाऱ्याचा जो लोट निघतो, तो मायक्रोफोनवर थेट आपटला की ढोल बडवल्यासारखा ठोका उमटतो. आपल्या भाषेत तर 'फ' आणि 'भ' ही थोरली भावंडेही आहेत. 'भक्त' म्हटल्यावाचून अभंग पुढे सरकत नाही. ते कापड वारा अडवते आणि अक्षर आत सोडते. गाणाऱ्याने मायक्रोफोनपासून सुमारे वीतभर दूर राहायचे. जवळ गेले तर आवाज जाडा होतो, लांब गेले तर गाण्याऐवजी खोलीच ऐकू येते.

"पण मामा, खरं सांगू का? हा माइक फार भोळा आहे," भाचेबुवा म्हणाले. "काय ऐकायचं आणि काय सोडायचं, ते त्याला कळत नाही."

आपल्याला लंबकाच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत असते, पण आपण ती ऐकत नाही. संसारी माणसाला ही कला उपजतच येते. मायक्रोफोनला ती नाही. म्हणून घड्याळ थांबवायचे, पंखा बंद करायचा, मोबाइल दूर ठेवायचा, आणि फ्रिजही बंद करायचा. मुद्रण संपल्यावर फ्रिज सुरू करायला विसरू नये म्हणून भाचेबुवा स्वतःच्या स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये ठेवतात. किल्ली घ्यायला गेले की फ्रिज आठवतो. ही युक्ती मला इतकी आवडली की पुण्याला आल्यावर मी माझा चष्मा दोनदा फ्रिजमध्ये ठेवून पाहिला.

या उसन्या खोलीचे वाचकांनी नवल मानू नये. आपल्या देशातले तबकड्यांचे पहिले मोठे ध्वनिमुद्रण झाले तेही उसन्या खोलीतच. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आले आणि त्यांनी एका हॉटेलच्या खोल्यांत आपले यंत्र मांडले. विजेचा मायक्रोफोन तेव्हा नव्हता. तो तबकड्यांच्या कामी आला १९२५ च्या सुमाराला. एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे, आणि सारा राग सुमारे तीन मिनिटांत आटपायचा. गौहरजान तशा गायल्या आणि शेवटी त्यांनी इंग्रजीत स्वतःचे नाव सांगितले. तबकडी कुणाची, हे ओळखायला पुढल्या माणसांना ते नाव उपयोगी पडे. म्हणजे मुद्रणाचा धंदा आपल्याकडे सुरू झाला तोच मुळी एका बाईने आपले नाव स्वतःच्या तोंडाने सांगण्यापासून.

पहिला तंटा तंबोऱ्यावरून झाला. भाचेबुवांच्या मोबाइलमध्ये तंबोरा होता. पट्टी सांगावी, तो वाजू लागतो. दमत नाही, उतरत नाही. आक्काने दोन मिनिटे ऐकले आणि म्हणाली, "चांगलाय. पण हा माझ्याकडं बघत नाही." तिचा स्वतःचा तंबोरा चार वर्षे खुंटीला होता. तारा बदलल्या, तरी आवाज लाकडी येत होता. जवारी गेली होती. तेव्हा मी आणि भाचेबुवा तो तंबोरा रजईत गुंडाळून सतारमेकर गल्लीत गेलो.

ही गल्ली पाहिल्यावाचून मिरज पाहिली असे कुणी म्हणू नये. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी इथल्या हत्यारे घडवणाऱ्या शिकलगारांना हत्यारांचे काम पुरेना, तेव्हा ते वाद्ये घडवू लागले. फरीदसाहेब हे नाव त्या परंपरेच्या मुळाशी सांगतात. ज्या हातांनी तलवारीला धार लावली, त्यांनी सुरांना लावली. दुकानांच्या माळ्यांवर वाळलेले भोपळे टांगलेले दिसतात. ते खाण्याचे नव्हेत; पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या रानात खास तंबोऱ्यासाठी वाढवलेले, घागरीएवढे. दांडी तुणीच्या लाकडाची. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. गल्लीत मात्र कुणी त्याबद्दल छाती काढून चाललेला दिसला नाही. सगळे खाली मान घालून कानस चालवत होते.

आमचा तंबोरा एका वृद्ध कारागिरांनी मांडीवर घेतला. तारा ज्या रुंद घोडीवरून जातात, तिचा माथा त्यांनी बोटाने चाचपला. हा माथा दिसायला सपाट, पण त्याला अगदी सूक्ष्म उतार असतो. तार त्या उताराला निसटती घासत कापते, म्हणून तिच्यातून एकाच सुराऐवजी सुरांचा थवा उठतो. हीच जवारी. तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवून ती नेमकी जागेवर आणायची. वर्षानुवर्षांच्या घासण्याने माथ्यावर तारेच्या खाचा पडतात आणि तो थवा बसून जातो.

कारागिरांनी कानस चार वेळा फिरवली, तार चढवली, ऐकले; तार उतरवली, दोन वेळा फिरवली, ऐकले. असे तासभर चालले. मी न राहवून विचारले, "एकदम पुरतं घासून का नाही घेत?"

"जास्त घासलं तर घोडीच गेली, साहेब," ते म्हणाले. "घासलेलं परत चिकटवता येत न्हाई. म्हणून थोडं अलीकडंच थांबायचं आन् ऐकायचं."

आणि एकाएकी खर्जाच्या तारेने गंधार बोलायला सुरुवात केली. वाचकांपैकी जे गाणारे आहेत त्यांना हे सांगायला नको. इतरांनी कधी तरी सुरेल तंबोऱ्याजवळ डोळे मिटून बसावे. खर्जाची तार षड्जाची. पण तिच्या पोटात आपोआप एक गंधार उमलतो. तो कुणी लावलेला नसतो. तो असतोच.

परतताना मीरासाहेबांच्या दर्ग्यावरून गेलो. अब्दुल करीम खाँसाहेब जन्मले उत्तरेतल्या किराण्याला, १८७२ साली. पण मिरज त्यांनी आपली मानली. १९३७ साली मद्रासकडच्या प्रवासात एका लहानशा स्टेशनावर त्यांचे देहावसान झाले, आणि त्यांना मिरजेला आणून इथेच दर्ग्याच्या आवारात दफन केले. त्यांची झिंझोटीतली एक ठुमरी तबकडीवर ऐकून लहानग्या भीमसेन जोशींनी गाण्यासाठी घर सोडले, ही कथा महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. गुरू समोर नाही, मैफल नाही. काळ्या तबकडीतून आलेला तेवढा सूर पुरा पडला. समाधीपाशी भाचेबुवा बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "त्यांच्या रेकॉर्डमध्ये सुद्धा खरखर आहेच की, मामा." त्यांच्या मनात काय चालले होते ते मला दोन दिवसांनी कळले.

मुद्रण रात्री दोनला ठरले. दिवसा ब्राह्मणपुरीत भांडी, भाजीवाला, दुचाक्या आणि शेजारचा दूरदर्शन संच यांची अखंड सभा भरलेली असते. रात्री कुत्री सोडली तर शांतता. फ्रिज बंद झाला. दाजींना खोकल्याची ढास आहे, म्हणून त्यांची रवानगी पुढच्या ओसरीवर झाली. "बायकोचं गाणं ऐकायचं नाही, असा माझ्या घरात आता नियम आहे," असे ते रस्त्याला उद्देशून म्हणाले.

आधी नुसत्या तंबोऱ्याचे मुद्रण करायचे होते. तंबोरा आणि गळा एकाच वेळी एकाच मायक्रोफोनवर घेतला की दोन्ही कायमचे एकमेकांत मिसळतात. मग गाण्याचा एक तुकडा काढून दुसरा जोडू म्हटले, तर तंबोरा मध्येच ठेच लागल्यासारखा अडखळतो. म्हणून तंबोरा वेगळा घ्यायचा, तो कानात ऐकत आक्काने गायचे. वाजवणार कोण? आक्काने माझ्याकडे पाहिले. मी गोधड्यांच्या मध्ये मांडी घालून बसलो आणि बारा मिनिटे चार तारा छेडल्या. पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज. बारा मिनिटे फार मोठी असतात. पाठीला घाम सुटला, नाकावर डास बसला, पण हात थांबवला नाही.

मग आक्का बसली. कर्णफोन एकाच कानावर. दुसरा कान स्वतःच्या गळ्यासाठी मोकळा. तंबोरा मांडीवर नसला तर ती गाऊ शकेना. तेव्हा तारांखाली रुमाल कोंबून मुका तंबोरा तिच्या खांद्याशी दिला. हातातल्या हिरव्या बांगड्या किणकिणू लागल्या. "काढून ठेव ना, आई," असे भाचेबुवांच्या तोंडून निघून गेले मात्र, आक्काने त्यांच्याकडे असे पाहिले की त्यांनी मुकाट्याने जुन्या लुगड्याची पट्टी आणून त्या बांगड्या बांधून दिल्या.

अभंग भूपातला होता. तरुणपणी ती काळी चारमध्ये गायची, आता पांढरी चार. भाचेबुवांनी तिला आधी सर्वांत वरची ओळ म्हणायला लावली आणि त्यावरून यंत्राची पातळी ठरवली. भांडे काठोकाठ भरायचे नाही, वर चार बोटे मोकळी ठेवायची. कारण इथे एकदा उतू गेलेला आवाज फाटतो आणि तो पुन्हा सांधता येत नाही. यंत्र एका सेकंदात अठ्ठेचाळीस हजार वेळा आवाजाची मोजदाद करते. एवढे मोजणारे कुणी समोर बसल्यावर माणसाचे काय होणार! पहिल्या खेपेला आक्का पाठ केलेले म्हटल्यासारखे गायली. दुसऱ्या खेपेला तिसऱ्या कडव्यापर्यंत छान रंगले, आणि जंक्शनावरच्या मालगाडीने शिट्टी दिली. तिसऱ्या खेपेला तिने डोळे मिटले. खोली विसरली, मुलगा विसरली, मी तर आधीच विसरलेला होतो. शेवटच्या कडव्यात ती वरच्या षड्जावर गेली आणि तिथे थांबली. फार वेळ नाही. पण तो सूर किंचित कापत होता, आणि कापत असूनही ढळत नव्हता. खोलीत कुणी हलले नाही. मग ओसरीवरून, दोन दारांपलीकडून, दाजींचा बराच वेळ दाबून धरलेला खोकला बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी संस्काराचे काम सुरू झाले. पूर्वी रेडिओवर ध्वनिफीत पत्तीने तिरकी कापून चिकटपट्टीने जोडत. कापलेला तुकडा खाली पडायचा. आता पडद्यावर आवाजाचे चित्र दिसते, डोंगररांगांसारखे, आणि दोन रांगांमधल्या खिंडीत श्वासाची लहानशी टेकडी. कात्री चालते ती त्या नकाशावर. मूळ आवाज आत जसाच्या तसा शाबूत असतो. जोड जिथे द्यायचा तिथे एक तुकडा क्षणाच्या शतांशात मावळतो आणि दुसरा उगवतो, की सांधा कानाला लागत नाही. हे मला सकाळी कळले. दुपारी जेवून मी झोपलो. भाचेबुवा झोपले नाहीत. त्या रात्रीही नाहीत.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी आम्हां सर्वांना माजघरात बसवले आणि अभंग लावला. आवाज स्वच्छ होता. निर्मळ, काचेसारखा. एकही श्वास नाही, कुठे कंप नाही, वरचा षड्ज तर आखून काढल्यासारखा सरळ. सूनबाईंनी "वा!" म्हटले. आक्काने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाली, "छान गाते. कोण रे ही बाई?"

भाचेबुवांचा चेहरा उतरला. पोराने वाईट हेतूने काही केले नव्हते. आईचा आवाज राहणार की जाणार कळत नाही, तर जो राहील तो निदान उत्तमातला उत्तम असावा, एवढीच त्याची धडपड. सूर दुरुस्त करणारे एक साधन १९९७ पासून बाजारात आहे. ज्या गृहस्थांनी ते काढले, ते आधी जमिनीत ध्वनिलहरी सोडून तेल कुठे आहे ते शोधण्याचे गणित करत असत. तेच गणित त्यांनी गळ्याला लावले. साधन सूर ओळखते आणि तो जवळच्या पट्टीवर नेऊन बसवते. पण पट्टी कुठली? पेटीची! एका स्वरापासून शेजारच्या स्वरापर्यंतचे अंतर शंभर भागांत मोजले, तर तंबोऱ्याच्या पोटातून उमलणारा गंधार पेटीच्या गंधारापेक्षा सुमारे चौदा भाग उतरलेला असतो. भूपाचा प्राण गंधारात. आक्काने साठ वर्षे तंबोऱ्याकडून ऐकून लावलेला तो गंधार यंत्राने चुकलेला ठरवला आणि चौदा भाग वर ओढला. पंचमावरून गंधारावर घसरत येणारी मींड होती, तिच्या जिन्याच्या पायऱ्या झाल्या.

हे भांडण या मुलखाला नवे नाही. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढले. क्लेमंट्स नावाच्या आय.सी.एस. अधिकाऱ्याच्या साहाय्याने पेटीला श्रुती शिकवण्याची खटपटही झाली. त्या प्रयोगांत स्वर लावून दाखवायला गळा होता अब्दुल करीम खाँसाहेबांचा. त्या मांडणीवर पुढे पंडितांनी पुष्कळ वाद घातले, ते असोत. पेटीच्या याच स्वरांपायी आकाशवाणीनेही १९४० पासून तीस वर्षे तिला दाराबाहेर ठेवले होते. म्हणजे आक्का त्या दिवशी स्वरपरीक्षेला गेली असती, तर तिला साथीला पेटी नसतीच. तंबोरा असता, आणि हाच गंधार असता.

"मी बिघडवलं का ग, आई?" भाचेबुवांनी विचारले.

"बिघडवलं नाहीस. जास्त घासलंस," आक्का म्हणाली. गल्लीतली हकीकत मी तिला जेवताना सांगितली होती, ती तिने ध्यानात ठेवली होती.

सुदैव एवढेच, की ही घोडी पुन्हा पहिल्यासारखी होत होती. मूळ आवाज शाबूत होता. मला वाटते, यंत्राची खरी गोम इथेच आहे. कानस चालवणाऱ्याला चूक परत घेता येत नाही, म्हणून त्याचा हात थांबायला शिकतो. इथे काहीही परत घेता येते, म्हणून थांबावेसे वाटतच नाही. एकामागून एक दोष दिसत जातात, आणि शेवटचा दोष काढला की माणूसही निघून गेलेला असतो.

रात्री आक्का स्वतः भाचेबुवांच्या शेजारी पाटावर बसली. रस्त्यावरच्या गाड्यांची खालची घरघर काढली, गळा जिथून सुरू होतो त्याच्या अलीकडची. दोन ठिकाणी 'भ' चा ठोका उतरवला. तिसऱ्या खेपेत दुसऱ्या कडव्यावर घसा खरखरला होता, तेवढे कडवे दुसऱ्या खेपेतून आणून जोडले. श्वास काढले नाहीत. फक्त दोन फार मोठे होते, ते निम्मे केले. गंधार होता तिथे परत आला. षड्ज कापत होता, तो कापू दिला. शेवटी राहिला दाजींचा खोकला. मला वाटले, आता आक्का म्हणेल, राहू दे, साठ वर्षांची साथ आहे.

"तो काढ," आक्का म्हणाली. "रोज ऐकतेच आहे."

इतका वेळ गप्प बसलेले दाजी मनापासून हसले, आणि त्या हसण्यात पुन्हा खोकले.

पुढचे सांगून टाकतो, म्हणजे वाचकांचा जीव टांगणीला राहायला नको. ऑपरेशन नीट झाले, गाठ साधीच निघाली. दोन महिने आवाज बसलेला होता, मग हळूहळू उठला. आता ती पुन्हा देवघरात गाते. वरचा षड्ज लागत नाही. धैवताला हात लावून परत फिरते. तंबोरा आणखी एका पट्टीने उतरवला आहे. तिला त्याचे दुःख आहे का, असे मी विचारले नाही. तिनेही ते ध्वनिमुद्रण पुन्हा लावायला सांगितलेले मला ठाऊक नाही.

पण त्या रात्रीचे एक सांगायचे राहिले. सगळे झाल्यावर भाचेबुवा म्हणाले, "मामा, सुरुवातीला नाव हवं. रेडिओवर सांगतात तसं. तुमचा आवाज बरा आहे, तुम्ही सांगा." मी त्या बुटक्या दारातून वाकून आत गेलो आणि मायक्रोफोनपासून वीतभर अंतरावर बसलो. आक्का दारात उभी होती. मी तिचे नाव सांगायला तोंड उघडले, तशी ती म्हणाली, "ते नाही. माहेरचं नाव सांग. पत्र त्या नावानं आलं होतं."

मला काही सुचेना. भाचेबुवा कसले पत्र म्हणून आमच्याकडे पाहत राहिले. मी तिचे माहेरचे नाव सांगितले, गावाचे नाव सांगितले, राग सांगितला. आवाज थोडा घोगरा आला. दुसऱ्यांदा सांगू का, म्हणून विचारले. आक्का म्हणाली, "राहू दे तसंच. आणि तंबोऱ्याच्या साथीला तुझं नाव घाल की. आज पेपर नाही ना तुझा?"